आधी शेपटाला पाणी

६ एप्रिल २०२५, रविवार

निवृत्त होऊन दोन वर्षं होत आली आणि आज पहिल्यांदा मला कुणीतरी काम सांगितलं. आदगोंडा आण्णा सकाळी सकाळी घरी आले. आमच्या गावच्या पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन. बशीत चहा ओतत म्हणाले, "बाई, तुमी ते कंप्युटरचं शिकलाय म्हनं. आमच्या व्हॉल्व्हचं तेवढं बघा की."

संस्था नदीतून पाणी उचलते, वरच्या टाकीत टाकते आणि तिथून पाइपलाइनने नऊ व्हॉल्व्हमधून शेतांना देते. आजवर हे व्हॉल्व्ह पाटकरी हाताने चाक फिरवून उघडत आला. आता सरकारी योजनेतून मोटारीचे व्हॉल्व्ह आलेत. पंपाच्या खोलीत एक पेटी बसवलीय, पेटीत तळहाताएवढा बोर्ड. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे त्या बोर्डाला सांगणारा प्रोग्रॅम पाहिजे. बसवणारी माणसं पेटी लावून गेली ती गेलीच, फोन उचलत नाहीत.

प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहायचा. ती भाषा मी गेल्या वर्षी लेकीच्या, प्राचीच्या, जुन्या लॅपटॉपवर शिकले. हे गेल्यापासून दुपार सरता सरत नाही. डबे घासून झाले, कपाटं लावून झाली, जिन्याच्या पायऱ्या मोजून झाल्या (सतरा). आण्णांचा चहा संपायच्या आत मी हो म्हटलं.

पाटकरी नानासो माझ्या हाताखालून गेलेला. १९९१ साली सातवीत होता. चाचणीत दहाच्या दहा उत्तरं बरोबर, पण एकाही उदाहरणाला पायऱ्या नाहीत. शेजारी इंद्रजित बसायचा, वर्गातला हुशार मुलगा. त्याचीही तीच उत्तरं, पायऱ्यांसकट. मग कुणी कुणाचं पाहिलं हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. नानासोला शून्य दिलं आणि वर्गासमोर उभं केलं. आठवीत तो आलाच नाही, बापाबरोबर पाण्यावर जायला लागला. वाटेत भेटला की अजून सायकलवरून उतरून नमस्कार करतो, म्हणजे मनात काही नसावं.

९ एप्रिल, बुधवार

नानासोला बोलावून पाळी लिहून घेतली. आत ये म्हटलं तरी ओट्यावरच बसला, पायाला चिखल आहे म्हणाला. वही ना कागद. नऊ व्हॉल्व्ह, त्याखालचे बासष्ट शेतकरी आणि प्रत्येकाचे तास त्याने एका दमात सांगितले. "एकून दोनशे चार तास. पंप दिवसाला सतरा तास चालतोय, म्हंजे बारा दिसाची पाळी." मी कागदावर बेरीज केली. दोनशे चारच. इतक्या वर्षांत पाठ झालं असणार.

व्हॉल्व्हना नंबर नाहीत. शेपूट, माळ, ओढा, बाभळ, घाणा, खडक, लिंब, मारुती आणि टाकीजवळचा चिंच. मी विचारलं, "नंबर का घातले नाहीत रे?"

"नंबर कशाला, बाई? नावं हायत की."

पाळी शेपटापासून सुरू होते आणि तोंडाकडे येते. लाइनीच्या शेवटाला आधी पाणी, टाकीजवळच्याला सर्वांत शेवटी. मला हे उलटं वाटलं. तर म्हणाला, "तोंडाला आधी दिलं की वरच्याचं भागलं. मग मागं लाइन फुटू दे न्हाईतर गळू दे, त्यो कशाला बघतोय? शेपटाला आधी दिलं की वरचा मानूस सोता लाइनीवर फिरतोय. पानी लवकर पुढं सरकावं, आपली पाळी यावी, म्हनून." कुणी ठरवलं विचारलं, तर माझ्या बापाच्याबी आधीपासून हाय म्हणाला.

जाताना चप्पल घालता घालता थांबला. "बाई, यंत्राला नावं कळतील. पर ओळ कळती का? कुनाच्या मागनं कोन ते?"

मला हसू आलं. म्हटलं, मी ज्या ओळीने लिहीन त्याच ओळीने ते वाचणार. यंत्राला काय स्वतःचं डोकं असतं का?

१० एप्रिल, गुरुवार

महावीर जयंती. सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पूजा, पालखी. पण माझं मन प्रोग्रॅममध्ये. घरी येऊन लिहून काढला. नऊ नावं एकाखाली एक, प्रत्येकापुढे तास. पहिलं नाव घे, तेवढे तास तो व्हॉल्व्ह उघडा ठेव, बंद कर, पुढचं नाव घे. एवढंच. दहा वेळा चालवला, दहाही वेळा शेपूट पहिलं आणि चिंच शेवटी.

संध्याकाळी प्राचीचा पुण्याहून फोन. "आई, बोर्डावरचं पायथन तुझ्या लॅपटॉपवरच्यासारखं तंतोतंत नसतं. दोन्हींतल्या फरकांचं एक पान पाठवलंय. वाच."

तेहतीस वर्षं गणित शिकवलं मी. दोन आणि दोन सांगलीत चार आणि साताऱ्यात पाच होत नाहीत. भाषा एक म्हणजे एक. पान उघडलं नाही, डोळे चुरचुरत होते.

१२ एप्रिल, शनिवार

पहिली पाळी सुरू. सध्या प्रोग्रॅम लॅपटॉपवरच चालतोय, बोर्ड फक्त त्याचा निरोप व्हॉल्व्हपर्यंत पोचवतो. आण्णांनी पेटीला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. घरर्र आवाज आला आणि दोन किलोमीटरवर शेपटाचा व्हॉल्व्ह आपोआप उघडला. तिथून बनुबाईंनी फोन केला, "बाई, आलं! आलं!" त्यांचा अर्धा एकर उन्हाळी भुईमूग आहे, लाइनीच्या अगदी टोकाला.

नानासो पंपाच्या खोलीच्या दारात उभा होता. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

१६ एप्रिल, बुधवार

रोज डबा घेऊन पंपाच्या खोलीत. बसवत नाही, पण उठवतही नाही. बाभळ झाली, घाणा चालू. सगळं ओळीने.

२३ एप्रिल, बुधवार

पाळी पुरी झाली. बारा दिवस, एक मिनिट इकडे तिकडे नाही. आण्णा म्हणतात, पुढच्या महिन्यात शेजारच्या गावची मंडळी आपली योजना बघायला येणार. धैर्यशीलने गाडीतून उतरून हात जोडले. टाकीजवळच्या चिंचेखालची सगळी मोठी जमीन त्याची. इतकी वर्षं शेवटचा नंबर लागतो म्हणून कुरकुरत आलाय, पण आज खूष होता.

आता प्रोग्रॅम बोर्डावर चढवला आणि लॅपटॉप घरी आणला. अक्षरही बदललेलं नाही, मग वेगळं तपासायचं काय? हिरवा दिवा लागला. उद्या सकाळी दुसरी पाळी आपोआप सुरू होईल. मी सांगलीला चालले, भावाच्या मुलीचं लग्न.

नानासोला म्हटलं, आता तुला आराम. "व्हय," म्हणाला.

२७ एप्रिल, रविवार

सांगलीहून आले ती थेट कटकटीत. पिशवी ठेवायच्या आत बनुबाई दारात.

"बाई, माझं पानी कुनी न्हेलं?"

दुसऱ्या पाळीत गुरुवारी सकाळी शेपटाऐवजी चिंचेचा व्हॉल्व्ह उघडला. टाकीजवळचा, धैर्यशीलचा! त्यानंतर माळ यायचा तर लिंब. शुक्रवारी दोघाचौघांनी नानासोला शेपटाच्या व्हॉल्व्हचं चाक हाताने फिरवताना पाहिलं. म्हणजे यंत्र आपोआप चालू असताना हा हाताने फिरवतो! बनुबाईंना दोन-तीन तास पाणी मिळालं आणि पुन्हा बंद पडलं.

गावात सरळ हिशोब मांडलाय. नानासोने पैसे खाऊन धैर्यशीलला आधी पाणी दिलं आणि ओरड व्हायला लागल्यावर बनुबाईंच्या तोंडाला पानं पुसली.

मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर धक्का नाही बसला. नोकरी जाणार म्हटल्यावर माणूस काहीही करतो. आणि त्याचा पूर्वीचा अनुभव मला आहेच.

२८ एप्रिल, सोमवार

आण्णांनी नानासोला ऑफिसात बोलावलं. मीही होते.

"चाकाला हात लावलास का न्हाई?"

"लावला."

"का रं?"

नानासोने माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "शेपटाची पाळी हुती, आण्णा."

"ते यंत्र बघंल की! बाईंनी तुला चाक फिरवाय सांगितलं हुतं का?"

"न्हाई."

"चिंच कुनी उघडला?"

"मी न्हाई."

"मग काय बाईंचं गणित चुकलं म्हनायचं का?"

तो गप्पच. दोनदा विचारलं तरी गप्प. नाही तर म्हण की काहीतरी! मला त्या गप्प बसण्याचाच राग आला, १९९१ सालीही असाच उभा राहिला होता. आण्णांनी त्याच्याकडून चाव्यांचा जुडगा घेतला, व्हॉल्व्हच्या खड्ड्यांना नवी कुलपं घातली आणि सभा होईपर्यंत घरी बस म्हणून सांगितलं. त्याने जुडग्याला बांधलेली सुतळी सोडून खिशात घातली. सुतळी घरची असावी.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय तृतीया. पुरणपोळी केली, एकटीने कितीशी खाणार!

आज घाण्याचा व्हॉल्व्ह बंद झाला आणि मारुतीचा उघडला. घाण्यानंतर खडक यायला हवा. नानासो दोन दिवस घरी आहे, चाव्या आण्णांकडे आहेत.

लोक म्हणतात, त्याने पेटीत आधीच काहीतरी करून ठेवलंय. असेल. पण त्याला पायथन येत नाही.

१ मे, गुरुवार

लॅपटॉपवर प्रोग्रॅम वीस वेळा चालवला. शेपूट, माळ, ओढा, बाभळ, घाणा, खडक, लिंब, मारुती, चिंच. वीसही वेळा. माझा प्रोग्रॅम बरोबर आहे. मग एकविसाव्यांदा का चालवतेय?

प्राचीला फोन केला. ती म्हणाली, "आई, लॅपटॉपवर नको गं, त्या बोर्डावर चालवून बघ काय येतं ते. आणि ते पान वाचलंस का?" मी म्हटलं, मला शिकवू नकोस. फोन ठेवल्यावर अंगणात इतक्या फेऱ्या मारल्या की शेजारची विचारायला आली, काही हरवलंय का.

२ मे, शुक्रवार

बनुबाईंनी भुईमुगाचं एक रोप उपटून आणलं. माझ्या ओट्यावर ठेवलं. शेंगा धरल्यात पण चपट्या, आत दाण्याच्या जागी पांढरा पापुद्रा. शेपटाला शेवटचं पुरतं पाणी तेरा एप्रिलला. वर हे ऊन.

"नान्या असता तर असं झालं नसतं," म्हणाल्या. मी म्हटलं, त्यानेच तर केलं ना? त्या म्हणाल्या, "बाई, चोवीस वर्सं त्यो माझ्या बांधाला येतोय. माझा मालक गेला त्या दिवशी घरात कुनाच्या ध्यानात न्हवतं, ह्यानं बारं धरून रान भिजवून दिलं. त्यो माझं पानी दुसऱ्याला देईल?"

उद्या साताऱ्याला जाते. इंद्रजितचं तिथे औद्योगिक वसाहतीजवळ यंत्रांचे बोर्ड दुरुस्त करायचं दुकान आहे. पेटीतल्या बोर्डाला हात लावायचा नाही, तसलाच दुसरा त्याच्याकडे आहे म्हणाला.

३ मे, शनिवार

जे झालं ते झालं तसं लिहिते.

इंद्रजितने खुर्ची पुसून दिली, उसाचा रस मागवला. मग टेबलावर चार यंत्रं मांडली. माझा लॅपटॉप. त्याचा मोबाइल, त्यावरही पायथन चालतं. कारखान्याच्या वजनकाट्यावरून दुरुस्तीला आलेला बारा-पंधरा वर्षांचा जुना कंप्युटर, त्यात जुनं पायथन. आणि आमच्यासारखाच तो तळहाताएवढा बोर्ड. माझा तोच प्रोग्रॅम चारही ठिकाणी चालवला. फक्त नावं ओळीने दाखव म्हणून.

लॅपटॉप: शेपूट पहिलं, चिंच शेवटी. मोबाइल: तसंच. जुना कंप्युटर: बाभळ पहिलं, शेपूट मधेच कुठेतरी. बोर्ड: चिंच, लिंब, ओढा, घाणा, मारुती, खडक, बाभळ, शेपूट, माळ.

चिंच पहिलं, शेपूट आठवं. गेल्या दहा दिवसांत गावात जी पाळी चालली ती अगदी हीच.

मी म्हटलं, "पुन्हा चालव." त्याने पाच वेळा चालवलं. एका उदाहरणाची तीन उत्तरं, आणि चारही यंत्रं आपापल्या उत्तरावर ठाम!

"बाई, भाषा एकच हाय," इंद्रजित म्हणाला. "पर ती वाचून काम करनारा प्रत्येक यंत्रात येगळा हाय. वेगवेगळ्या मानसांनी लिवलेला. लॅपटॉपमधला ऐसपैस, तुमी ज्या ओळीनं लिवलं ती ओळ बी ध्यानात ठेवतोय. ह्या बोर्डातल्याला जागा कमी. नावाला तास किती विचारलं की बरोबर सांगनार, पर कुनाच्या मागनं कोन हे त्यो ठेवत न्हाई. तुमी ओळ येगळी सांगाय पायजे हुती."

कुणाच्या मागनं कोण. हे शब्द मी माझ्याच ओट्यावर ऐकले होते.

प्राचीने पाठवलेलं पान तिथेच उघडलं. त्यात लिहिलेलं आहे, साध्या भाषेत, अर्ध्या ओळीत. पेपर वाटल्यावर मी पहिली पाच मिनिटं मुलांना पेन उचलू द्यायची नाही. आधी सूचना वाचा, म्हणायची.

निघताना इंद्रजितने नानासोची चौकशी केली. घरी बसवलंय म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. "नान्याचं डोकं लय चालायचं, बाई. नुसतं बघून उत्तर सांगायचा. माझं निम्मं गणित त्याच्यामुळं सुटलं, आपन खाली पायऱ्या लिवायच्या तेवढ्या!" आणि हसला. इंद्रजितला पहिल्यापासून थट्टेची सवय आहे.

५ मे, सोमवार

प्रोग्रॅम बदलला. आता नावांची ओळ वेगळी, तास वेगळे. या वेळी बोर्डावरच तपासला. उद्यापासून तिसरी पाळी, शेपटापासून. पाळी सुरळीत झाली की मग आण्णांना निवांत सगळं सांगते. आधी चूक दुरुस्त करावी, मग बोलावं.

७ मे, बुधवार

शेपूट झालं, माळ चालू.

चौकात भाजी घेत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, पाटकरी घरी बसला आनि पाळी कशी सरळ झाली." दुसरा म्हणाला, "आता तर शंकाच न्हाई राहिली."

मी दुरुस्त केलं आणि त्याच्या गळ्यातला फास आणखी आवळला. असं काही होईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, शपथेवर लिहिते. वांगी तिथेच ठेवून घरी आले.

९ मे, शुक्रवार

आण्णांना सांगितलं. सगळं.

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "कुनाला बोललाय का?"

"अजून नाही."

"मग बोलू नका. बाई, लोकांचा आता कुठं इश्वास बसाय लागलाय. शेजारच्या गावची मानसं गुरवारी बघाय येनार. यंत्र चुकतंय म्हटलं की उद्या जो तो कुऱ्हाड घेऊन व्हॉल्व्हवर जाईल. आनि नानासो काय, आज ना उद्या घरीच बसनार हुता. तुमचं नाव कशाला घालवून घेताय? रविवारी सभेत त्याला कमी करायचा ठराव हाय, त्यो हून जाऊ दे. झाकली मूठ हाय ती ऱ्हाऊ दे."

आण्णा वाईट माणूस नाहीत. मला घराबाहेरपर्यंत सोडायला आले.

आणि मी काय केलं? "बरं," म्हटलं. खरंच "बरं" म्हटलं.

१० मे, शनिवार

क्षमावाणीला दरवर्षी आम्ही घरोघर हात जोडत फिरतो. वर्षभरात कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. किती सोपं जातं ते! कुणाचं काय चुकलं ते कुणी विचारत नाही, आपणही सांगत नाही. एका माणसासमोर एक चूक नाव घेऊन सांगायची म्हटलं तर मात्र जमत नाही.

तेहतीस वर्षांत फळ्यावर माझी चूक झाली नाही असं नाही. झाली की ओलं फडकं फिरवायची आणि म्हणायची, लक्ष आहे का बघत होते. मुलं खरं मानायची.

सकाळपासून चार वेळा नानासोच्या घराच्या दिशेने गेले आणि चार वेळा पिठाच्या गिरणीपासून मागे फिरले. गिरणीवाला शेवटी म्हणाला, बाई, दळण आणायचं विसरताय का?

इंद्रजित थट्टाच करत होता ना?

११ मे, रविवार

सभा शाळेच्या पटांगणात भरली. माझ्याच शाळेच्या. पन्नासेक माणसं. नानासो मागे लिंबाखाली उभा होता, धुतलेला सदरा घालून. सचिवांनी ठराव वाचला. "...गैरवर्तनाबद्दल..." आण्णांनी विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी उठले. मी म्हटलं, "पाळी नानासोने मोडली नाही. मी मोडली." आणि मग वर्गात सांगावं तसं सांगितलं. लॅपटॉपवर काय येतं, बोर्डावर काय येतं. लॅपटॉप आणि इंद्रजितकडून आणलेला बोर्ड सोबत नेले होते. सगळ्यांसमोर तोच जुना प्रोग्रॅम दोन्हींवर चालवला आणि बनुबाईंना नावं मोठ्याने वाचायला लावली. बोर्डावरचं "चिंच" त्यांनी वाचलं आणि पुढे बसलेले बोर्ड बघायला उठले.

"माझ्या यंत्राने चुकीचा व्हॉल्व्ह उघडला. नानासो हाताने चाक फिरवून पाळी बरोबर करायचा, आणि माझं यंत्र पुन्हा बिघडवायचं. पाळी वाचवायला गेला म्हणून आपण त्याला चोर म्हटलं. माझी चूक आहे हे त्याला पहिल्या दिवशी कळलं होतं. चेअरमननी विचारलं तेव्हा तो माझ्याकडे बघून गप्प बसला, आणि मी त्याच्या गप्प बसण्यालाच पुरावा मानलं. चार तारखेपासून मला खरं माहीत आहे. आठ दिवस मीही गप्प बसले."

तारीख तीन. बोलताना चुकले.

कुणीतरी मागून ओरडलं, "मग भुईमुगाचं काय?" तेव्हा धैर्यशील उठला. चिडलेलाच होता. "पंधरा दिवस मला बी चोरच म्हनताय की! मी कुनाला पैसं दिलं न्हाईत. लिवून घ्या, ह्या पाळीतलं चिंचेचं पानी शेपटाला द्या. माझा ऊस आठ दिवस कळ काढंल."

ठराव मागे घेतला. आण्णांनी चाव्यांचा जुडगा नानासोच्या हातात दिला. दुसरा ठराव आण्णांनीच मांडला: बोर्डावर काहीही चढवायचं तर आधी पाटकऱ्याने पाळी तपासायची. माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई, लय केलासा." त्यात राग किती आणि बाकीचं काय, मला सांगता येणार नाही.

नानासो खिशातली सुतळी काढून जुडग्याला बांधत होता.

१३ मे, मंगळवार

नानासो आज नवी पाळी तपासायला आला. या वेळी आत आला. पाय धुऊन, खुर्चीवर बसला. मी वही पुढे केली. नऊ नावं, प्रत्येकापुढे तास. कपाटातला लाल पेन शोधून दिला, दोन वर्षांत पहिल्यांदा बाहेर निघाला.

तो एकेका नावावर बोट ठेवून खाली येत गेला. मी समोर बसले होते, हात मांडीवर. परीक्षेला बसलेल्या मुलाला कसं वाटत असेल याचा विचार मी कधी केला नव्हता. त्याला विचारायचं होतं. त्या चाचणीबद्दल, इंद्रजितबद्दल. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा, चहा घेणार का, एवढंच विचारलं गेलं.

"ओढ्याचं दीड तास जास्त झालंय, बाई. सन्मतीनं तिथला तुकडा माळाच्या तुकड्यासंगं बदलून घेतलाय, ह्या अक्षय तृतीयेला. म्हंजे माळाचं बी कमी पडतंय." त्याने दोन ठिकाणी गोल केला. कागद न घेता नवे आकडे सांगितले. बेरीज तीच राहते, म्हणाला. मी करून पाहिली नाही.

मग पेन तसाच हातात धरून थांबला. वर बघितलं नाही.

"बाई, गुन पायऱ्यांचं द्यायचं, का उत्तराचं?"

गॅसवर चहा उतू जात होता, मला कळत होतं. उठता येईना.

"उत्तराचे," मी म्हटलं. "तेव्हाही उत्तराचेच द्यायला हवे होते, नानासो. चुकलं माझं."

त्याने मान हलवली. मग वहीच्या कोपऱ्यात, मी देत असे तिथेच, नवापैकी सात असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"शेपटाला जाऊन येतो," म्हणाला. "बनुबाई वाट बघत असंल."